परतीचा माल

यंदा पेंढा काळा पडला. भात झोडून झालं होतं, पेंढ्या खळ्यावर उघड्या होत्या, आणि दिवाळी उलटून गेल्यावर नको तेव्हा पाऊस आला. आला तो चांगला मुक्काम ठोकून बसला. बुधीने नंतर एकेक पेंढी उन्हात उलटीपालटी केली, घरामागे गंजी रचली, पण आत बसलेला कुबट वास काही गेला नाही. बैल तोंड लावायचे, फुसकन श्वास सोडायचे आणि मान फिरवून उभे राहायचे. माणूस उपाशी असला की कसलंही गिळतो. बैलाला तेवढी अक्कल नसते, किंवा जास्त असते म्हणा.

पूर्वी असल्या वर्षी माळ होता. करंजपाड्याच्या वरच्या अंगाला कमरेएवढं गवत वाढायचं आणि वैशाखापर्यंत गुरांना पुरायचं. मग तिथे गोदामं उभी राहिली, पत्र्याचं कुंपण आलं, फाटकावर पहारेकरी बसला. गुरं आत शिरली की तो शिट्टी वाजवायचा. बैल शिट्टीला घाबरत नसत, जिवल्या घाबरायचा.

जिवल्या आणि बुधी, नवराबायको, एवढंच घर. मुलगी सपना लग्न होऊन डहाणूकडे गेलेली. जमीन थोडी, उताराची, पावसावरची. पण दारात बैलजोडी होती, आणि पाड्यात ज्याच्या दारात जोडी त्याला पेरणीच्या दिवसांत मान. आपली नांगरट झाली की जिवल्या दुसऱ्यांची करून द्यायचा, आणि ती माणसं बदल्यात लावणीला येऊन जायची. जोडी नसली तर नांगर नाही, नांगर नाही तर लावणीला माणूस नाही. हे सगळं बुधीला कुणी समजावून सांगायला नको होतं. चैत्र सरत आला, बैलांच्या फासळ्या लांबून दिसायला लागल्या, तसा तिचा जीव खालीवर होऊ लागला.

त्यातही कवड्याची काळजी जास्त. कवड्या उंचापुरा, पांढऱ्या अंगावर ठिपके, आणि खाण्यात नखरेल. जोडीदार बांड्या गरीब, पुढ्यात पडेल ते चावत उभा राहणारा. कवड्या काळ्या पेंढ्याला तोंडच लावेना. बुधी ओंजळीतून कोंडा भरवायची, तेवढा चाटायचा आणि पुन्हा तिच्या पदराला नाक लावून उभा राहायचा.

"मिरगाला ह्यो नांगर वढंल का रं?" तिने एका सकाळी नवऱ्याला विचारलं. तो दावं सोडून बैलांना ओढ्यावर घेऊन गेला.

अशात कमलेश आला. जिवल्याच्या चुलतभावाचा मुलगा, बारावी झालेला, बोईसरला पांढऱ्या कोळशाच्या कंपनीत लागलेला. पेंढा, भुसा, गवत असलं काही दाबून त्याच्या कांड्या करायच्या आणि त्या कारखान्यांच्या भट्ट्यांत दगडी कोळशाऐवजी जाळायच्या, असा तो धंदा. कमलेशकडे पाड्यापाड्यातून माल गोळा करायचं काम होतं. त्याने मोबाइलवर चित्रं दाखवली, हवा स्वच्छ राहते, झाडं वाचतात वगैरे सांगितलं. बुधीला हवेचं काही पडलं नव्हतं. तिचे कान टवकारले ते पुढच्या बोलण्याला.

"गाडी रिकामी पळवायची नाय, काकी, असा कंपनीचा नेम हाय," कमलेश म्हणाला. "रिकाम्या गाडीचं डिझेल फुकट जळतं. म्हणून जाताना तुमचा पेंढा, आन येताना तुमच्या गुरांना खुराक."

खुराकाची एक वीट त्याने पिशवीतून काढली. मका, पेंड आणि गुळाचं पाणी घालून दाबलेली, हाताला चिकट लागणारी. कवड्याने ती खाल्ली, खाली पडलेला चुरा खाल्ला आणि मग कमलेशचा हात मनगटापर्यंत चाटला. खुद्द बैलाने साक्ष दिल्यावर बुधीला दुसरी साक्ष नको होती.

जिवल्या मात्र अर्धा पेंढा घरी ठेवू म्हणत होता. कमलेश म्हणाला, अर्ध्या गाडीसाठी गाडी येत नाही, भरली तरच येते. जिवल्याने डोकं खाजवलं. ठेवणीतलं सगळं एका दमात घराबाहेर काढायचं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि त्याचं चुकत नव्हतं. पण बुधीने त्याला बोलू दिलं नाही. बैल खात नाहीत तो पेंढा ठेवून काय त्याची पूजा करायची, असं तिने विचारलं, आणि ठरलं.

कमलेशने जाताना एकच बजावलं, माल कोरडा पाहिजे. बुधी हसली. एवढ्या उन्हात माल कोरडा नसेल तर काय असेल?

गंजी उतरवून भारे बांधायचं काम चालू झालं. कुसाने नाक भरायचं, अंगभर खाज सुटायची, घामाने ती दुप्पट व्हायची. जिवल्या भारा गुडघ्याने दाबून धरायचा आणि बुधी बंद घालायची. बंद पेंढ्याचाच. लांब काड्यांची मूठ घ्यायची, तिला पीळ देत देत दोर करायचा आणि भाऱ्याला आवळून गाठ मारायची. कोरड्या काडीला पीळ बसत नाही, ती तडकते. म्हणून बंदाच्या काड्या आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालायच्या. बुधीच्या आईने तेच केलं होतं, सासूनेही तेच. तळहाताची साल निघेपर्यंत बुधीने बंद वळले. आभाळ भरून आल्यासारखं वाटलं म्हणून रचलेल्या भाऱ्यांवर त्यांनी ताडपत्री घट्ट आवळली. मालाला थेंब लागू द्यायचा नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. ड्रायव्हर उत्तरेकडचा, कमी बोलणारा. उतरवायचं काम ज्याचं त्याने करायचं असल्यामुळे नवराबायको दोघंही निघाले. बैलांना पाणी दाखवायला बुधीने हंसाला सांगितलं. हंसा शेजारची, नात्याने जाऊ, विधवा, मुलगा भाग्येश आणि सून यांच्यासोबत राहणारी. तिच्याकडे एक गाय आणि एक शेळी. तिचा पेंढा पडवीत छपराखाली होता, म्हणून वाचला होता. हंसाने हो म्हटलं आणि खुराक आला की एक वीट गायीलाही दे, असंही सांगून ठेवलं.

गाडी पालघर ओलांडून कोळगावच्या मोठ्या सरकारी इमारतींवरून गेली. पुढे बोईसर आलं तसा हवेला वास यायला लागला. कंपनीच्या फाटकावर पहारेकऱ्याने दोघांना खाली उतरवलं, नावं विचारली, जिवल्याची पिशवी उघडायला लावली. पिशवीत नाचणीच्या भाकऱ्या होत्या. त्याने त्या वरखाली करून पाहिल्या.

आत माल तपासायला दर्पण नावाचा तरुण होता. स्वच्छ शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलायला मऊ. त्याच्या हातात लांब सळईचं यंत्र होतं. सळई भाऱ्यात खुपसायची, की यंत्रावर आकडा उमटायचा. त्याने ती पहिल्या भाऱ्यात बंदाजवळ खुपसली आणि यंत्रावर लाल दिवा लागला. दुसऱ्या भाऱ्यालाही लाल. मग त्याने मधला एक भारा ओढून काढायला सांगितला. तोही लाल.

"मावशी, माल ओला आहे."

"पाऊस नाय लागला त्याला, साहेब. कोरडा ठाक हाय."

"आत हात घालून बघा."

बुधीने भाऱ्यात कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती, आणि काड्या दमट लागत होत्या. ताडपत्रीखाली रात्रभर बंदाचं पाणी आत उतरलं होतं आणि भारे आतून तापले होते. तिचा हात तिला खोटं सांगणार नव्हता. तिने हळू आवाजात बंदाचं सांगितलं, भिजवल्याशिवाय तो बसत नाही म्हणून. दर्पण म्हणाला, मग सुतळी वापरायची होती. सुतळीचं कुणी बोललं नव्हतं, असं ती म्हणाली. दोघांनी शेजारी उभ्या कमलेशकडे पाहिलं. कमलेश जमिनीकडे बघत होता. तोही त्याच पाड्यात वाढलेला, भिजवलेले बंद लहानपणापासून बघितलेला. पाड्यातल्या माणसाला बंद ओला असतो हे सांगावं लागत नाही, म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

यंत्रावर एकदा लाल झालेला माल लगेच पुन्हा घ्यायचा नाही, असा नियम होता. आणि माल घेतला नाही तर खुराक नाही. दर्पण उर्मटपणे बोलला नाही, उलट त्यालाही वाईट वाटलेलं दिसत होतं. ओला माल ढिगात आपोआप पेटतो, मागे एकदा सगळं आवार जळता जळता वाचलं, असं त्याने सांगितलं. बुधी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो शिव्या देता तर तिला बरं वाटलं असतं.

गाडीला दुसरीकडे जायचं होतं. मोबाइलवर तिची पुढची फेरी लागलेली. एका कारखान्यातून गोण्या उचलायच्या, दुसरीकडे टाकायच्या, मग परत इथे. तिला थांबवता येणार नव्हतं. दोघांनी भारे घाईघाईने खाली ओढले. कमलेशने हातापाया पडून एवढं जमवलं, की गाडी सफाळ्याकडच्या दुसऱ्या पाड्याचा माल आणायला जाईल तेव्हा यांचा पेंढा घरी सोडेल. तोवर आवाराच्या कडेला तो वाळवायचा.

मग सगळा दिवस बुधी आणि जिवल्या बंद सोडून पेंढा सिमेंटवर पसरत होते, हलवत होते, पुन्हा पसरत होते. खालून सिमेंट भाजत होतं. गाड्या आल्या की कडेला ओढून घ्यावा लागे. एका हमालाने दुसऱ्याला हसत सांगितलं, "देख, चाची गाँव से घास सुखाने आयी है." बुधीला हिंदी तेवढं कळत होतं. नळाला तोंड लावायला गेली तर पहारेकरी ओरडला, ते पाणी पिण्याचं नव्हे. रात्री दोघं भिंतीला टेकून पडले. जिवल्या तिला एका शब्दाने बोलला नाही. अर्धा ठेवू म्हणालो होतो, एवढं तरी त्याने म्हणायला हवं होतं. तिला त्या मुकाटपणाचाच जास्त त्रास झाला.

सकाळी गाडी आली. पेंढा आता खडखडीत वाळला होता, आणि उन्हाने म्हणा की वाऱ्याने म्हणा, त्याचा कुबट वासही उडाला होता. बुधीने मूठभर नाकाशी धरला. घरी वाळवून जे झालं नाही ते परक्याच्या सिमेंटवर झालं, असं तिच्या मनात आलं आणि तिला जरा धीर आला.

गाडीच्या हौद्यात पांढरे खडे सांडलेले होते. फळ्यांच्या फटीत साचलेले, एका कोपऱ्यात तर चांगला ढीग. गोण्यांतली एखादी फाटली असावी. जिवल्याने पेंढ्याचा झाडू करून ते लोटायला घेतलं. बुधीने वाकून चिमूट उचलली. खडे बारीक, किंचित पिवळसर. जिभेवर ठेवले. खारट, आणि शेवटी थोडं कडू. मिठागरातलं नवं मीठ असंच कडवट असतं. वैतरणेच्या खाडीकडून मिठाच्या गाड्या जाताना तिने किती वेळा बघितल्या होत्या.

"ऱ्हाऊ दे रं. मीठ हाय," ती म्हणाली.

जिवल्याने झाडू खाली ठेवला. जनावर पेंढा खात नसलं की त्यावर मिठाचं पाणी शिंपडायचं, हे कुणबी असो की वारली, सगळ्यांना ठाऊक. इथे मीठ आपणहून पेंढ्याखाली येऊन बसलं होतं. ड्रायव्हर "जल्दी करो" म्हणत होता. बुधीने कोपऱ्यातला ढीग पदरात भरून घेतला, वर गाठ मारली, आणि उरलेल्या मिठावरच सुतळीने पुन्हा बांधलेले भारे चढवले. इतक्या मानहानीनंतर काहीतरी पदरात पडलं म्हणून ती खूश झाली. बिचारी खरोखर खूश झाली.

सूर्य वर आला तेव्हा गाडीने त्यांना पाड्यात सोडलं. हंसा बघायला आली. वीट मिळाली नाही हे ऐकून तिचं तोंड उतरलं, म्हणून बुधीने पदर सोडून तिला ओंजळभर मीठ दिलं, शेळीला चाटव म्हणाली. जिवल्या बांड्याला घेऊन ओढ्यावर गेला, कारण त्याने सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. कवड्या दावणीला होता. बुधीने त्याच्यासाठी हौद्याच्या तळाशी होते ते भारे निवडले, तेच खारट. वरून पदरातलं मीठ मुठीने पेरलं आणि पाण्याचा हात मारला.

कवड्याने खाल्लं. मान न फिरवता, फुसफुस न करता, काडीन् काडी. कित्येक दिवसांनी त्याला असं खाताना बघून बुधीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने आणखी टाकलं. त्याच्या मानेखालची लोंबती पोळी खाजवत ती उभी राहिली आणि त्याच्याशी बोलत राहिली, सपनाशी बोलायची तशी.

दुपार कलायच्या आत त्याचे पाय कापायला लागले. आधी तिला वाटलं, माशी चावली. मग तो एका अंगावर कलला, सावरला, आणि तोंड उघडून श्वास घेऊ लागला. ओढ्यावरून आलेल्या जिवल्याने त्याचा ओठ वर केला. हिरड्या मातकट झाल्या होत्या, जांभळट. पाड्यातली माणसं जमली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी ताक पाजायला सांगितलं. कवड्या बसला आणि मग पाय ताणून आडवा झाला. त्याची मान बुधीच्या मांडीवर होती. एवढं मोठं धूड थरथरायचं तेव्हा तीही त्याच्याबरोबर हलत होती.

गुरांचा डॉक्टर मोटारसायकलवरून आला तोवर डोळे फिरले होते. त्याने मानेत सुई घातली. नळीत आलेलं रक्त लाल नव्हतं, काताच्या पाण्यासारखं तपकिरी होतं. याने काय खाल्लं, असं त्याने विचारलं. बुधीने पदराच्या टोकाला चिकटलेले खडे दाखवले. डॉक्टरने ते बोटावर घेतले, जिभेला लावले नाहीत.

"हे खायचं मीठ नाही. रंगाच्या कारखान्यात वापरतात ते," तो म्हणाला. "याच्यावर एक निळं औषध असतं. ते आमच्याकडे नाही, आणि आता आणूनही उपयोग नाही."

कवड्या गेला. जिवल्याने त्याच्या गळ्यातली घंटा काढली. बुधी अजून मान मांडीवर घेऊन बसलेली, आणि एकाएकी तिला हंसाची ओंजळ आठवली. ती उठली आणि धावत सुटली.

हंसा चुलीपुढे होती. शेळी खुंटाला रवंथ करत होती. बुधीने धापा टाकत विचारलं, मीठ कुठाय. हंसाने कोनाड्याकडे बोट दाखवलं. कोनाड्यात एकच वाडगा होता. घरातलं मीठ संपत आलं होतं, म्हणून सुनेने दोन्ही एकत्र केलं होतं, आणि त्यातलंच कालवणात टाकलं होतं. चुलीवर कालवण रटरटत होतं, पाटावर भाग्येश ताट घेऊन बसला होता.

"खाल्लं कुणी?" बुधीने विचारलं. अजून कुणी खाल्लं नव्हतं. मग ती म्हणाली, "माझं मीठ इख हाय, हंसाबाय. त्यानंच कवड्या मेला. मीच घातलं."

हंसाने भांडं उचललं, परड्याच्या टोकाला नेऊन खड्ड्यात ओतलं, वर माती लोटली आणि वाडगाही तिथेच फोडला. सून भाग्येशचे हात धूत होती, त्याने अजून कशाला हात लावलेला नसताना. घर त्या दिवशी उपाशी झोपलं.

संध्याकाळी कमलेश आला. बैलाजवळ बसून तो रडला, त्यात खोटं काही नव्हतं. पण रडून झाल्यावर तो बुधीला बाजूला घेऊन म्हणाला, की बाहेरच्या कुणी विचारलं तर साप चावला म्हणून सांग. उद्या शेजारच्या पाड्याची पाळी होती, लोकांनी भारे बांधून ठेवले होते, गाडी परत गेली तर त्याची नोकरी जाणार होती. बुधी म्हणाली, मी हंसाला सांगून बसले. कमलेश मोबाइल कानाला लावून निघून गेला. कंपनीने काही त्याची नोकरी घेतली नाही. गाडीत आता खाली प्लास्टिक अंथरायचं, असा हुकूम आला, आणि गाडी ठरल्याप्रमाणे शेजारच्या पाड्यात आली. त्या लोकांनी सुतळीने भारे बांधले होते. त्यांना खुराक मिळाला.

कवड्याला पाड्याबाहेर पुरल्यावर जिवल्याने सगळा पेंढा डोक्यावर वाहून राबाच्या वाफ्यात नेला. दरवर्षी तिथे पालापाचोळा भाजून रोपांची जागा तयार करायची असते, या वर्षी सबंध गंजी भाजली. आग चरचरत होती, मध्येच पिवळी ज्वाळा माणसाएवढी उसळायची. पेंढ्यात बरा किती, विषारी किती, हे निवडायची सोय नव्हती. बुधी मदतीला गेली तेव्हा जिवल्याने तिच्या हातातला भारा काढून घेतला. "तू नको," एवढंच तो म्हणाला. त्याने ते रागाने म्हटलं की मायेने, हे तिला कळलं नाही, आणि विचारायची छाती झाली नाही.

आता बांड्या उरला. दावणीत काही नव्हतं. तो रिकाम्या गव्हाणीत जीभ फिरवायचा आणि शेजारची जागा हुंगायचा. जिवल्या बांधावरचं खुरटं गवत कापून आणायचा, ते त्याच्या एका घासाला पुरत नव्हतं. एक बैल नांगराला चालत नाही आणि पोटाला मात्र पुरा लागतो. हंसाच्या पडवीत पेंढा होता. जिवल्याच्याने विचारवेना, म्हणून बुधीच गेली. बैल घेऊन जा, पोस, मिरगाला भाग्येशच्या मामाच्या बैलाबरोबर जुंप, आमच्या शेतात नांगर आला तर आला, असं तिने सांगितलं. हंसाने सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि हो म्हटलं. आमचं शेत कधी धराल, हे बुधीने विचारलं नाही. दुसऱ्याचा नांगर शेवटी येतो, तोवर रोपं पिवळी पडतात, हे तिला माहीत होतं.

सकाळी हंसा आली. जनावर दारातून जाताना घरच्या बाईने त्याला हाताने भाकरी भरवायची, पाठीवर हात फिरवायचा, मग दावं सोडायचं, अशी रीत. बुधीने पहाटे उठून नाचणीची भाकरी भाजली होती. ती घेऊन ती पुढे झाली. बांड्याने मान लांब केली.

"आज तुझ्या हातचं काय खाल्लंय का त्यानं?" हंसाने विचारलं.

"नाय. पाणीबी ह्यानंच पाजलं," बुधी जिवल्याकडे बघत म्हणाली.

"मंग भाकरी नको देऊ."

हंसा भांडल्यासारखं बोलली नाही. तिच्या आवाजात उलट संकोच होता, आणि म्हणूनच बुधीला तिच्याशी भांडता आलं नाही. तिने भाकरीचा अर्धा तुकडा मोडला, स्वतःच्या तोंडात घातला, हंसाच्या डोळ्यांदेखत चावला आणि गिळला. मग उरलेली अर्धी पुन्हा पुढे केली. बांड्याची जीभ बाहेर आली होती.

हंसाने बैलाची मान हळूच बाजूला वळवली. "तरी नको, बुधी," ती म्हणाली.

बांड्या उपाशी होता. हंसाच्या पडवीकडून पेंढ्याचा वास आला तसा तो तिच्या पुढे चालू लागला, तिलाच ओढत नेऊ लागला. जिवल्या घरात गेला. बुधी दारात अर्धी भाकरी घेऊन उभी राहिली. पायांशी कोंबड्या जमल्या, माना वर करून वाट बघायला लागल्या. तिने हात उचलला, आणि तो तुकडा त्यांच्यापुढे टाकायचंही तिला धाडस झालं नाही.